वेढे

फिल्म सुरू होते रामकुंडावरून.
ड्रोन घिरट्या घालतो, खाली पाणी, पायऱ्या, कबुतरं,
आणि भारदस्त आवाजात कुणी सांगतं,
'या घाटांनी सायलस भांबळला घडवलं.'
सायलस रामकुंडावर दोनदा आला असेल,
त्यातून एकदा चोरीला गेलेल्या सायकलीच्या मागावर.
तो नाशिकरोडचा, प्रेसच्या क्वार्टरमधला.
बाप दिवसभर सरकारच्या नोटा मोजायचा
आणि एक तारखेला स्वतःच्या, चार वेळा.

सायखेडकर नाट्यगृहात तिसऱ्या रांगेत बसलोय,
कडक इस्त्रीचा शर्ट, खिशात चिवड्याची पुडी कुरकुरतेय.
मला अकरा सेकंद मिळालेत.
दोन तास बोललो होतो. कॅमेऱ्याच्या पोरांना
तीनदा चहा पाजला, आवाज नको म्हणाले
म्हणून पंखा बंद ठेवला, एप्रिलमध्ये.
पडद्यावर पट्टी येते:
आर. मोगल, स्थानिक रहिवासी.
जसं काही मी आयुष्यभर राहायचंच काम केलं.

मग चष्मा कपाळावर चढवलेला एक जाणकार म्हणतो,
'त्यांनी तो आवाज शून्यातून निर्माण केला.'

शून्याचा पत्ता लिहून घ्या:
मोगल मोटर वाइंडिंग, सिन्नर फाट्याच्या अलीकडे,
टायरवाल्याला खेटून. शनिवारी बंद.

एकोणऐंशीचा डिसेंबर. निफाडची थंडी थेट दुकानात शिरलेली,
द्राक्षवाल्यांच्या जळक्या मोटरी दारात रांगेने,
आणि हा सतरा वर्षांचा पोरगा,
चर्चमधली गिटार गोणपाटात गुंडाळून.
'मोगलभाऊ, हिला वीज लावायची.'
म्हटलं, ही काय विहीर आहे का रे?

चुंबक होतं, निवडणुकीत ओरडून फाटलेल्या भोंग्यातलं.
केसाहून बारीक तार होती, जुन्या रिलेतून सोडवलेली.
हातड्रिलला चौकट बांधली, मोजायला लागलो.
शंभर वेढे झाले की फळीवर खडूची एक रेघ.
पाच हजार, असं मीच ठरवलेलं, अंदाजपंचे.
देवळालीला तोफांचा सराव चालू,
पत्रा थरथरायचा, तार तुटता तुटता राहायची.
सायलस ऑइलच्या डब्यावर बसून
बिनविजेची गिटार वाजवत होता, हळू,
दोन तोफांच्या मधल्या जागेत मावेल एवढंच.

चव्वेचाळीस रेघांपर्यंतचं मला आठवतं.
मग हात फिरत राहिला
आणि मोजणारा कुठे गेला कोण जाणे.
भानावर आलो तर चौकट भरून वर आलेली,
खडू बोटांत तसाच.
मी स्वतःवरच चरफडलो. तो म्हणाला, 'राहू द्या. वार्निश मारा.'

जाणकार सांगतोय,
'त्या जाडसर, दबक्या स्वरात वडिलांच्या जाण्याचं दुःख आहे.'
असेल. बाप पुढच्याच वर्षी गेला,
मीही मूठभर माती टाकली त्याच्या कबरीत.
पण तार जास्त झाली की आवाज दबतो,
कुठल्याही वाइंडरला विचारा.
किती जास्त? ते मलाही ठाऊक नाही.
परदेशातून त्याची तीन पत्रं आली,
आकडा कळवा, दुसरी करून घ्यायचीय.
मी कार्डावर लिहिलं:
मोजलेले चार हजार चारशे.
पुढचे तू वाजवत होतास.

ते कार्ड आहे फिल्ममध्ये. एका खोक्यात, पालथं,
पत्त्याची बाजू वर.

शेवटच्या मैफलीचं रेकॉर्डिंग त्यांनी साफ करून घेतलंय.
प्रत्येक सुरामागे एक घूं असायची,
बाटलीत अडकलेल्या माशीसारखी.
आमच्या दुकानाची. ती काढलीय.
सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात, मीही.
मुलगी विचारते, 'अण्णा, रडताय?'
नाही गं. उद्या सकाळी पिंपळगावचा माणूस येणार,
साडेसात हॉर्सपॉवरची आहे,
अजून उघडलीसुद्धा नाही.